ढील

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत, बेंडिगेरींच्या शॉपमध्ये
मी मापं घेते.
दिवसाला दोनशे चाळीस नग,
पास असेल त्याला हिरवा ठिपका.

नग म्हणजे एक बुश. मुठीत मावतो.
कशात बसतो, कुणी सांगत नाही.
ड्रॉइंगवरचं नाव कापून झेरॉक्स येते आमच्यापर्यंत.
तरी कळतं, गिऱ्हाइकं दोन आहेत:
एकाच्या सात आकड्याच्या पोटात आडवी रेघ असते,
दुसऱ्याचे आकडे जरा तिरके, घाईत असल्यासारखे.
माप मात्र दोघांचं एकच,
शेवटच्या शतांशापर्यंत.

मार्चात रेघवाल्यानं दोन हजार मागवले.
एप्रिलात तिरक्यानं तीन.
मे महिन्यात रेघवाल्याचे पाच, आणि अर्जंट.
ईरण्णा पॅकिंग करता करता म्हणाला,
ह्यानं किती घेतले ते त्याला कळलं असणार,
त्याला कळलं हे ह्याला.
‘नमगेनु,’ म्हणून हसला,
मग खिळे ठोकत राहिला बराच वेळ.

दिवाळीला डबल बोनस मिळाला.
मी फ्रीज घेतला. खोटं कशाला बोलू.

भांडण कसं वाढतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.
इकडे एका पाटीवर रात्री डांबर पडतं,
तिकडे कोल्हापुरात एका बसची काच फुटते,
मग कोगनोळीला दोन्हीकडच्या गाड्या उभ्या.
माणसं बोचकी डोक्यावर घेऊन नाका चालत ओलांडतात
आणि दोन्ही बाजू शपथेवर सांगतात,
सुरुवात त्यांनी केली.
पण चार दिवसांनी कोथिंबीर पिवळी पडायला लागते,
टेम्पोवाला मालकाला फोन करतो,
मालक कुणाला तरी करतो,
आणि गाड्या सुटतात.
आमचं भांडण भाजी मिटवते.
बुश सडत नाही.
तेलकागदात गुंडाळला तर पन्नास वर्षं
वाट बघत पडून राहतो.

माझ्या आजोळी, खानापूरच्या पुढे,
शाळेच्या भिंतीत एक दगड बसवलाय:
ह्या गावातून एकतीस माणसं महायुद्धाला गेली,
चार परत आली नाहीत.
लपाछपीत आम्ही त्याच दगडाला डोकं टेकून शंभर मोजायचो.
त्यातला एक दौलू गुरव.
त्याच्या बायकोनं तार आली तेव्हा
वाचून घ्यायला तीन कोस चालत ख्रिस्ती मास्तर गाठला.
मास्तरानं वाचलं. तिनं विचारलं,
भांडण कुणाकुणाचं होतं?
मास्तरानं पाच-सहा नावं घेतली देशांची.
ती म्हणाली, ह्यातला आपला कुठला?

मल्हारी टर्नर रिटायर झाला त्या दिवशी
त्यानं मला एक शाफ्ट आणि एक बुश हातात दिला.
बसव.
बसवला. घट्ट बसला, हलेना.
मी खूश.
तो म्हणाला, आता फिरव त्याला तासभर.
तापतील. फुगतील दोघं आपापल्या जागी,
कुणी कुणाच्या अंगावर गेलेलं नसतं, पोरी,
मधली जागा तेवढी संपते.
मग जाम.
आणि जाम झालेली मशीन उघडून
कुणामुळे झालं ते मला आजवर सांगता आलेलं नाही.
म्हणून ढील ठेवायची. केसाएवढी.
भित्रेपणा नाही तो. कारागिरी आहे.

आज सकाळी कॅम्पातली रंगरूट पोरं
रस्त्याच्या कडेनं पळत होती, ताजी टक्कल,
कानामागे साबण तसाच राहिलेला एकाच्या.
त्यांच्यासाठी माझी बस थांबली
आणि मला पाच मिनिटं उशीर झाला.

टेबलावर दोन नवी ड्रॉइंगं होती.
दोन्ही बदलून आलेली, एकाच दिवशी.
सातच्या पोटात रेघ, आणि ते तिरके आकडे.
दोघांनीही ढील अर्धी केलीय.

मी हातमोजा घातला.
पहिला नग उचलला. थंड होता.
मोजला.
पास.